बाळ आपल्याजवळ झोपतं म्हणून ते परावलंबी होतं का?

एल्बेकाठची (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आम्ही चार वर्षांपासून हॅम्बुर्गला राहतो. मुलगा 14 महिन्यांचा आहे. पुढच्या महिन्यात तो किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जाऊ लागेल. प्रवेशाच्या वेळी तिथल्या ताईंनी एक लांबलचक अर्ज भरून घेतला. काय खातो, कधी झोपतो, कुठे झोपतो. मी लिहिलं, "आमच्या मध्ये." त्या दोन क्षण थांबल्या आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "म्हणजे त्याला अजून एकट्यानं झोपायला शिकायचं आहे तर."

घरी येऊन सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्या सांगलीला असतात. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला अंधाऱ्या खोलीत एकटं ठेवायचं? त्यानं काय गुन्हा केलाय?"

दोघींचंही बाळावर प्रेम आहे. एकीला वाटतं, मी त्याला दुबळा करतेय. दुसरीला वाटतं, इथले लोक मुलांना टाकून देतात. मला नुसता सल्ला नकोय. मुळात मुलाचं मन कसं घडतं? ते सगळीकडे एकाच वाटेनं वाढतं आणि आपण वरून रिवाज चढवतो, की रिवाजानं मनाची घडणच बदलते? अनुभव सांगा, कुणाचा अभ्यास असेल तर तोही.

---

बार्शीकर

मी आठवीपर्यंत आजीच्या कुशीत झोपायचो. नंतर बारा वर्षं एकट्यानं ट्रक चालवला, बार्शी ते गुवाहाटी. एकटं वाटलं नाही असं नाही, पण भीती कधी वाटली नाही.

---

कल्याण_फास्ट

ताई, राग मानू नका, पण यात संस्कृती कुठून आली? आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण झोपायचो. बाबा दाराशी, आई मोरीच्या बाजूला, मध्ये आम्ही चौघं. ही आमची परंपरा नव्हती, चौरस फूट तेवढेच होते. खोल्या असत्या तर आम्हीही वेगळे झोपलो असतो. गरिबीला संस्कृतीचं नाव देऊ नका, एवढंच.

---

पिंपळपान

धाग्याबद्दल आभार. बालविकास हा माझा शिकवण्याचा विषय आहे, त्यामुळे थोडं लांब लिहिते.

आधी कल्याण_फास्ट यांच्या मुद्द्याबद्दल. जागेचा प्रश्न खरा आहे, पण तेवढ्यानं कोडं सुटत नाही. रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमधल्या ओडिया घरांत रात्री कोण कुणाजवळ झोपतं याची तपशीलवार नोंद केली होती. त्यांना आढळलं की माणसं निव्वळ जागा बघून अंथरूण घालत नाहीत. लहान मूल एकटं झोपायला नको, वयात आलेली मुलगी कुणाजवळ झोपते, वडीलधाऱ्यांचा मान, असे नियम मनात पक्के असतात आणि अंथरुणं त्या नियमांनी पडतात. तुमच्याच खोलीत बघा. बाबा दाराशी आणि मुलं मध्ये, हे चौरस फुटांनी ठरवलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. आईशी बाळाचं नातं कसं आहे हे पाहण्याची एक प्रसिद्ध पद्धत मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला बसवली. त्याआधी त्यांनी युगांडातल्या खेड्यांत माय-लेकरांचं निरीक्षण केलं होतं. साधारण वर्षाचं मूल अनोळखी खोलीत आणायचं, आई थोडा वेळ बाहेर जाते, मग परत येते. परत आल्यावर मूल काय करतं ते बघायचं. आईला बिलगून शांत झालं तर नातं सुरक्षित. आईकडे पाठ फिरवून खेळत राहिलं तर 'टाळणारं'. रडणं थांबेचना, आईला धरतंही आणि ढकलतंही, तर तिसरा प्रकार.

1970 च्या दशकात क्लाउस आणि कारिन ग्रोसमान यांनी हीच चाचणी बीलेफेल्डला केली, म्हणजे तुमच्याच उत्तर जर्मनीत. निम्म्याच्या आसपास मुलं 'टाळणारी' निघाली. मग काय, त्या गावच्या निम्म्या आया निष्ठुर होत्या? ग्रोसमान दांपत्यानं तसं म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की तिथे मुलानं लवकर स्वतःचं स्वतः सांभाळावं अशी अपेक्षा असते, आया त्याची सवय लावतात आणि मूल ती शिकतं.

जपानमध्ये साप्पोरोला उलटं झालं. 'टाळणारं' मूल जवळजवळ सापडेना आणि न थांबता रडणारी मात्र बरीच. केइको ताकाहाशी यांनी दाखवून दिलं की जपानी बाळ एवढ्या वयात जवळपास कधीच एकटं सोडलं जात नाही. त्यामुळे बाल्टिमोरच्या बाळासाठी जो थोडासा ताण, तो साप्पोरोच्या बाळासाठी आकाश कोसळणं होतं. मोजपट्टी सारखी, पण मोजलं गेलं वेगळंच काहीतरी.

तुमच्या ताई आणि तुमच्या सासूबाई दोघी आपापल्या मोजपट्टीनं बरोबरच वाचतायत.

---

त्रयस्थ

पिंपळपान, लेखन आवडलं, पण एक धोका सांगतो. "जर्मन असे, जपानी तसे, आपण असे" या चालीवर गाडी लगेच घसरते. तुम्ही सांगितलेल्याच चाचणीवर 1988 मध्ये व्हान आयझेनडोर्न आणि क्रोनेनबर्ग यांनी 8 देशांतले 32 अभ्यास एकत्र तपासले. एकाच देशातल्या दोन अभ्यासांमधला फरक हा दोन देशांमधल्या फरकाच्या साधारण दीडपट निघाला. आणि बहुतेक सगळीकडे सुरक्षित नातं असलेली मुलंच सर्वांत जास्त. खुद्द ग्रोसमान यांना पुढे दक्षिणेत रेगेन्सबुर्गला वेगळंच चित्र दिसलं.

देश म्हणजे संस्कृती नव्हे. माझं आजोळ संगमेश्वरचं आणि घर नागपूरचं. दोन्हीकडे मराठीच बोलतात, पण मूल रडलं की दोन्ही घरांत होणारी धावपळ एकसारखी नाही.

---

पिंपळपान

त्रयस्थ, अगदी मान्य. म्हणून मी 'देश' न म्हणता 'घरातला रोजचा क्रम' म्हणायला हवं होतं. मूल देशात वाढत नाही, ते ओट्याजवळ, अंगणात, कुणाच्या तरी कडेवर वाढतं.

---

बाळगुटी

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मनाची चर्चा चालू द्या, पण शरीराचं एक सांगून ठेवतो, कारण हा धागा नवे आईबाप वाचतील. पहिल्या वर्षात, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, बाळ आईवडिलांच्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट, घट्ट बिछान्यावर उताणं झोपवणं सर्वांत सुरक्षित. सोफ्यावर बाळाला घेऊन झोप लागणं फार धोक्याचं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोपेचं औषध घेतलं असेल, तर एका अंथरुणात बाळ अजिबात नको. मऊ उश्या आणि जड पांघरूण बाळाच्या तोंडापाशी नको.

एल्बेकाठची, तुमचा मुलगा 14 महिन्यांचा आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न आता सुरक्षिततेपेक्षा सवयीचा जास्त आहे.

---

मांडवी

बाळगुटी सर, मुलाला हातपाय चोळून न्हाऊ घालणारी बाई आमच्याकडे म्हापशाला अजून येते. पायावर आडवं घेते, तेलानं रगडते, हात उलटसुलट ओढते. माझी शहरातली जाऊ बघून घाबरलीच. यानं मूल लवकर चालतं असं ती बाई सांगते. खरं आहे का?

---

बाळगुटी

जोरात ओढणं नको, नाक-कानात तेल तर मुळीच नको. हळुवार मालिश बाळाला सुखाची असते आणि त्या वेळी होणारा स्पर्श, बोलणं, डोळ्यांत बघणं यांचं मोल मोठं आहे.

लवकर चालण्याबद्दल मात्र एक सुंदर अभ्यास आहे. केनियातल्या किप्सिगिस समाजात चार्ल्स सुपर यांनी पाहिलं की बाळं अमेरिकन बाळांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसतात आणि चालतात. आधी लोक म्हणायचे, हे रक्तातच आहे. सुपरनं घराघरांत जाऊन पाहिलं, तर आया मुद्दाम शिकवत होत्या. बसायला शिकवण्यासाठी जमिनीत छोटा खड्डा करून त्यात बाळाला टेकवून ठेवत. चालण्याचा रोज सराव घेत. आणि रांगणं? ते कुणी शिकवत नव्हतं, आणि रांगण्यात ती बाळं पुढे नव्हती! जे घर शिकवतं ते लवकर येतं.

आपला पांगुळगाडा आठवा. सावंतवाडीचा लाकडी, मागून धरून ढकलायचा. आपल्यालाही मूल रांगण्यापेक्षा ते चालण्याची घाई जास्त.

---

बार्शीकर

पांगुळगाडा! आमचा अजून माळ्यावर आहे. चार पिढ्या त्यावरून चालल्या. आता नातीसाठी चाकं बदलून घेतो.

---

आजीचा_बटवा

मी सध्या मुलाकडे एडिसनला आहे, न्यू जर्सीत. शिकलेली माणसं इथे लिहितायत, मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते.

माझे दोन नातू, दोघंही चार वर्षांचे. एक इथला, एक पुण्याचा. मागच्या गणपतीत मी पुण्यात होते. मोदकांचं ताट समोर, नाकात तुपाचा वास. पण नैवेद्य दाखवून आरती होईपर्यंत पुण्याचा नातू हात मागे बांधून उभा. कुणी रागावलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. त्याला ठाऊकच होतं की आधी बाप्पाचं. इथला नातू यंदा गणपतीत दोन मोदक फोडून मोकळा, त्याला कळेना की समोर ठेवलेलं खायचं का नाही.

म्हणजे इथला हावरा का? नाही हो. याच्या वाढदिवसाला एवढाल्या भेटी आल्या, सगळ्या टेबलावर रचून ठेवल्या. पाहुणे जाईस्तोवर यानं एकही कागद फाडला नाही. पुण्याचा असता तर दारातच फाडला असता, आणि आम्ही हसलो असतो.

दोघंही माझीच रक्ताची. मला यातलं काही कळत नाही, पण हे डोक्यात राहिलंय.

---

पिंपळपान

आजी, तुम्ही जे पाहिलंत त्यावर 2022 साली एक अख्खा शोधनिबंध आला आहे! वाचून अंगावर काटा आला.

लहान मुलापुढे एक गोड पदार्थ ठेवायचा आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत हे सुरू केलं. पुढे लोकांनी त्यावरून मुलांचा संयम, भविष्यातलं यश, काय काय ठरवून टाकलं. नंतर बेटिना लाम आणि हायडी केलर यांच्या गटानं हीच चाचणी चार वर्षांच्या मुलांवर केली: काही जर्मनीतली, काही कॅमेरूनमधल्या न्सो समाजातल्या शेतकरी घरांतली. न्सो मुलांपुढे त्यांच्या गावातला तळलेला गोड वडा ठेवला होता. 70 टक्क्यांच्या आसपास न्सो मुलं दहा मिनिटं थांबली, काही तर बसल्या जागी झोपून गेली. जर्मन मुलांपैकी 30 टक्केही थांबली नाहीत.

आणि आता तुमचे नातू, म्हणजे तो 2022 चा निबंध. क्योटो आणि अमेरिकेतलं बोल्डर इथल्या मुलांना एकदा खाऊ देऊन थांबवलं, एकदा कागदात गुंडाळलेली भेट देऊन. खाऊसाठी जपानी मुलं कितीतरी जास्त थांबली, कारण तिथे सगळ्यांच्या पानात वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही. भेटीसाठी अमेरिकन मुलं जास्त थांबली, कारण तिथे वाढदिवसाला आणि नाताळात भेट लगेच उघडत नाहीत.

संयम म्हणजे मुलाच्या आत ठेवलेली एखादी वस्तू आणि ती कमी-जास्त असते, असं आपण समजतो. पण घरानं ज्या गोष्टीसाठी थांबण्याची तालीम दिली, त्या गोष्टीपाशी मूल थांबतं. नैवेद्य ही तशी तालीमच आहे.

---

त्रयस्थ

आजींचा प्रतिसाद हा या धाग्यातला सर्वोत्तम. माझी शंका बरीच निवली.

---

मांडवी

अवांतर: आमच्याकडे चवथीला नेवऱ्या. नैवेद्याआधी एक गायब व्हायचीच आणि नाव मांजराचं यायचं. :)

---

रानजाई

सगळं छान चाललंय म्हणून थोडं बोचरं लिहिते. बीड जिल्ह्यात माझं बालपण गेलं, आईवडील ऊसतोडीला. आम्ही कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत राहायचो, कारखान्याच्या जवळ. मी सात वर्षांची असताना धाकटा भाऊ सहा महिन्यांचा. पहाटे आई फडात जायची, तो माझ्या कडेवर. त्याला भूक लागली की मी त्याला घेऊन फडावर जायची.

लोक म्हणतात, "किती समजूतदार पोर!" होते मी समजूतदार. भावाच्या रडण्यावरून भूक की पोटदुखी ते मला कळायचं, आजही कुठल्याही बाळाचं कळतं. पण ऊसतोडीच्या त्या सहा महिन्यांत माझी शाळा बुडायची. एकत्र झोपणं, एकमेकांना सांभाळणं, याचं कौतुक करताना ज्या मुलीच्या कडेवर ते कौतुक बसलेलं असतं तिलाही विचारा. संस्कृती मन घडवते, हो. पण मुलीचं वेगळं घडवते आणि मुलाचं वेगळं.

---

पिंपळपान

रानजाई, हे लिहिल्याबद्दल आभार. आमच्या वर्गात हे वाचून दाखवू का? नाव अर्थातच नाही घेणार.

---

रानजाई

दाखवा. शाळा बुडायची हे वाक्य गाळू नका.

---

कुरणवाटा

मी डहाणू तालुक्यात बरीच वर्षं शिकवलं. रानजाईंच्या प्रतिसादामुळे लिहावंसं वाटलं.

नवीन असताना मला वाटायचं, वारली मुलं 'मंद' आहेत. प्रश्न विचारला की गप्प, खाली बघणार. तीच मुलं शाळेबाहेर मला खेकड्याचं बीळ कुठलं आणि सापाचं कुठलं ते दाखवायची. त्यांना हे कुणी 'शिकवलं' नव्हतं. मोठ्यांच्या मागे फिरत, बघत बघत आलं होतं. त्यांच्या घरी कुणी मोठं माणूस ज्याचं उत्तर स्वतःला माहीत आहे असा प्रश्न मुलाला विचारत नाही. "हा रंग कोणता?" मला दिसतोय की! मग का विचारतो हा मास्तर? ही त्यांची अडचण होती, आणि मी ती बुद्धीची समजलो. त्याचं वाईट आजही वाटतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. मॉंटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. तत्त्व ठेवलं आणि वस्तू मुलाच्या घरची घेतली.

---

पिंपळपान

कुरणवाटा, बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया समाजात नेमकं हेच पाहिलं. एका मुलाला खेळणं बनवायला शिकवायचं आणि त्याच्या भावंडाला शेजारी नुसतं बसवायचं. शेजारी बसलेलं माया मूल लक्ष देऊन बघत राहायचं, आणि नंतर त्याला ते खेळणं बऱ्यापैकी जमायचंही. शिकलेल्या शहरी घरांतलं अमेरिकन मूल आपल्याला शिकवत नाहीत म्हटल्यावर चुळबुळ करायचं.

आणि झोपेबद्दलही. रोगॉफ आणि मोरेली यांनी माया आयांना सांगितलं की अमेरिकेत बाळाला वेगळ्या खोलीत झोपवतात, तेव्हा त्यांना धक्काच बसला. त्यांना बाळाची कणव आली. एल्बेकाठचीच्या सासूबाईंसारखीच.

---

कल्याण_फास्ट

मी आधी जरा कडक बोललो होतो. काल रात्री आईला फोन करून विचारलं, बाबा दाराशीच का झोपायचे? ती म्हणाली, "दार त्यांचं होतं. त्यांची दुसरी पाळी असली की त्या जागी मी झोपायचे, पण झोप लागायची नाही." एवढंच.

---

त्रयस्थ

सगळे मूळ प्रश्नापासून लांब आलो. एल्बेकाठची, किटाचं काय झालं?

---

एल्बेकाठची (धागाकर्ती)

माफ करा, मध्ये लिहिता आलं नाही. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, काही नवऱ्याला वाचून दाखवले, रानजाईंचा वाचताना आवाज लागेना.

किटात रुळवण्याची इथली पद्धत अशी की पहिले तीन दिवस आईनं तिथेच बसायचं, मूल सोडायचं नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जायचं. चौथ्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते आणि डोक्यात पिंपळपान यांचं साप्पोरो. तो रडला, खूप. ताईंनी लगेच मला आत बोलावलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं: हा जन्मापासून कधीच एकट्या खोलीत राहिलेला नाही, त्यामुळे याचं रडणं इतरांपेक्षा मोठं असेल, त्यात आजार शोधू नका. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग आपण त्याला जास्त दिवस देऊ." दोन आठवड्यांऐवजी पाच आठवडे लागले.

एक गोष्ट सांगायचीच आहे. आमच्या घरी त्याला भरवताना हा घास चिऊचा, हा काऊचा, हा आजोबांचा असं चालतं, आणि अधूनमधून "मला दे ना एक" म्हणून आपणच तोंड पुढे करायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यानं किटात स्वतःच्या पावाचा तुकडा शेजारच्या मुलीच्या तोंडात घातला, मग ताईंच्या. तिथे प्रत्येकानं आपल्या ताटलीतलं खायचं असा नियम. ताईंनी मला विचारलं, तो देताना काहीतरी शब्द म्हणतो, तो काय? मी म्हटलं, "घे." आता त्या त्याला ताटली देताना "घे" म्हणतात.

आणि त्यानं तिकडून काय आणलं, तर बूट. स्वतःचे स्वतः घालतो, दहा मिनिटं लागली तरी कुणाला हात लावू देत नाही. सासूबाईंना कॉलवर दाखवलं, त्या दहा मिनिटं गप्प बसून बघत होत्या.

रात्री आमच्याजवळच झोपतो. छोटा पलंग आमच्या पलंगाला जोडलाय, मधली कड काढून.

---

आजीचा_बटवा

दुपारी किटात झोपतो का गं?

---

एल्बेकाठची (धागाकर्ती)

हो आजी, बाकीच्या मुलांबरोबर, जमिनीवरच्या गादीवर. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या नऊवारीची गोधडी पाठवलीय, ती लागते. धुवायला नेली त्या दिवशी झोपला नाही.